ज्याला कासव ठेवता येत नाही, त्याने ते विकू नये

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत अलीकडे एक नवं दुकान दिसू लागलं आहे. बसस्टँडजवळ किंवा आठवडी बाजाराच्या रस्त्याला, कृषी केंद्र आणि मोबाइल दुरुस्तीच्या मधला गाळा, वर टिनाचं छत. आत माशांच्या टाक्या, छताला टांगलेले लव्हबर्ड्सचे पिंजरे, आणि काउंटरवर बरोबर पोरांच्या नजरेच्या उंचीला प्लास्टिकच्या टबात हिरवी इवलीशी कासवं. बोटभर पाणी, तळाला रंगीत खडे, मध्ये प्लास्टिकचं नारळाचं झाड. दहा-बारा पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढलेली असतात, कारण कोरडं बसायला तिथे दुसरी जागाच नसते. दुकानदाराला विचारलं की उत्तर मिळतं, "याले काही लागत नाही भाऊ. दोन दाणे टाकाचे, आठवड्यातून पाणी बदलाचं, झालं."

हे उत्तर खोटं आहे आणि सगळा धंदा त्यावर उभा आहे.

मी साप पकडायला जातो. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत परड निघते, कोठ्यात नाग शिरतो, फोन येतो, मी जातो. त्यामुळे सरपटणारा कोणताही जीव आजारी पडला की लोक मलाच विचारतात. हल्ली सापांइतकेच फोन कासवांसाठी असतात. डोळे सुजून मिटलेली, कवच बोटाने दाबलं तर आत जाणारी, पाण्यात एका अंगावर कलून तरंगणारी कासवं. आणणारी माणसं वाईट नसतात. त्यांनी सांगितलं तसंच केलेलं असतं. सांगणाऱ्यानेच चुकीचं सांगितलेलं असतं.

हे कासव आपलं नव्हे. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे लाल कानाचं कासव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं आहे. दुकानात ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं असतं. मादी वाढून २५ ते ३० सेंटिमीटरची होते. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं, म्हणजे आज दुसरीतल्या मुलाने घेतलेलं कासव त्याचं लग्न पाहू शकतं. एवढ्या जनावराला तीनेकशे लिटरची टाकी लागते, गाळणारा फिल्टर लागतो, पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होऊन शेकायला जागा लागते. दुकानदार सोबत जी पेटी विकतो ती पाच लिटरचीही नसते.

आणि ऊन लागतं. इथे लोक हसतात. विदर्भात उन्हाची काय कमी? कमी नाहीच, पण मुद्दा काचेचा आहे. कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला सूर्यप्रकाशातले ठरावीक अतिनील किरण लागतात, आणि साधी काच ते किरण अडवते. ताप मात्र ती आत येऊ देते. म्हणजे दुकानाच्या दर्शनी भागात, पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या पेटीत कासव भाजतं, पण हाडं आणि कवच घट्ट व्हायला जे हवं ते त्याला मिळत नाही. शरीरात चुना, म्हणजे कॅल्शियम, मुरत नाही, कवच मऊ पडतं, पाय वाकतात. हे किरण देणारा वेगळा बल्ब मिळतो, त्याला यूव्हीबी बल्ब म्हणतात. तालुक्याच्या ज्या दुकानांत मी कासवं पाहिली, तिथे कासवांवर तो लावलेला पाहिला नाही. विकायलाही ठेवलेला नव्हता.

सरपटणाऱ्या प्राण्याला अंगातून ऊब तयार करता येत नाही. थंडी वाजली की तो उन्हात येतो, तापला की सावलीत किंवा पाण्यात जातो. दिवसभर त्याचं हेच चालू असतं. पचन, रोगाशी लढणं, भूक, सगळं या येण्याजाण्यावर अवलंबून असतं. म्हणून त्याच्या घरात एक कोपरा गरम आणि दुसरा थंड असावाच लागतो. लाल कानाच्या कासवाला पाणी साधारण २४ ते २६ अंश आणि शेकायची जागा ३२ ते ३५ अंश हवी. आता चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा मे महिना आठवा. बाहेर ४६ अंश, टिनाखाली त्याहून जास्त, दुपारी भारनियमन, पंखा बंद, आणि टबातलं बोटभर पाणी. अंगाचं तापमान चाळिशीच्या पुढे गेलं की हे कासव जगत नाही. डिसेंबरात उलट. गोंदिया-नागपूरकडे पारा दहाच्या खाली उतरतो, टबातलं पाणी गार पडतं, कासव खाणं सोडतं. दुकानदार म्हणतो, "थंडीत झोपते ते." झोपत नसतं ते. पोटात असलेलं अन्न पचवायला लागणारी ऊब त्याच्याजवळ नसते.

आपल्या तलावांतलं देशी पाणकासव याच उन्हाळ्यात जगतं, कारण तलाव आटू लागला की ते चिखलात खोल शिरून पाऊस येईपर्यंत पडून राहतं. दुकानातल्या टबात चिखल नाही, खोली नाही, सावली नाही. जिथून पळून जाता येत नाही अशा जागी ठेवलं की विदर्भाचा उन्हाळा कोणत्याही सरपटणाऱ्या जीवाला शिक्षा होतो.

खाण्याचंही तसंच. डबीतले वाळवलेले झिंगे आणि गोळ्या, बाकी काही नाही. त्याने अ जीवनसत्त्व कमी पडतं, पापण्या सुजतात, डोळे उघडत नाहीत. दिसत नाही म्हणून कासव खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी खंगतं. घरचे म्हणतात, रुसलं आहे.

यातली सगळ्यात क्रूर गोष्ट मला वेगळीच वाटते. कासव लवकर मरत नाही. कोंबडीचं पिल्लू अशा टबात दोन दिवसांत मेलं असतं, आणि दुकानदाराला नुकसान झालं म्हणून त्याने टब बदलला असता. कासवाच्या अंगात सगळंच सावकाश चालतं. उपाशी राहून, आजारी पडून, मऊ कवच घेऊन ते कित्येक महिने तग धरतं. तोवर ते विकलं गेलेलं असतं. मरण दुकानात होत नाही, घरी होतं, आणि दोष लागतो घेणाऱ्याला. या धंद्याचा नफा त्या विलंबावर चालतो. दुकानात सगळी कासवं जिवंत दिसतात, म्हणून दुकान ठीक आहे, असं समजणं हीच आपली फसगत आहे.

दुसरं, ते ओरडत नाही. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकणारी माणसं आहेत. बैलाने रवंथ थांबवला, कान पाडले, तर गोठ्याच्या दारातून त्यांना कळतं. जनावराचं दुखणं ओळखणारी ही नजर विदर्भातल्या शेतकऱ्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण कासवाच्या बाबतीत ती आपल्याजवळ नाही, कारण आपण कधी कासवं पाळली नाहीत. विहिरीत एखादं सोडलेलं असायचं, तेवढाच संबंध. ज्या जनावराचं दुखणं ओळखणारा गावात कुणी नाही, ते जनावर गावात विकायला आणण्याआधी फार विचार करायला हवा.

डॉक्टरांचं काय? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला माणूस गाई-बैल, शेळ्या, कोंबड्या यांतच बुडालेला असतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा त्यांनी रात्रंदिवस गोठे पालथे घातले. त्यांच्यापुढे पाच सेंटिमीटरचं कासव ठेवून इंजेक्शन कुठे द्यायचं विचारणं अन्यायाचं आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार जाणणारे मोजके लोक नागपुरात आहेत. मूल किंवा धारणीसारख्या तालुक्याच्या गावचा माणूस काहीशे रुपयांच्या कासवासाठी तिथे जाणार नाही, जाऊ शकणारही नाही. दुकानदाराला हे विकताना माहीत असतं.

कायदा पाहिला तर भोक नेमकं इथेच आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, प्राण्यांच्या नोंदी, जागेचे निकष, तपासणी, सगळं त्यात आहे. पण त्यांत पाळीव प्राण्याची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात कुत्रा, मांजर, ससा, गिनिपिग, हॅमस्टर, उंदरांच्या जाती आणि पिंजऱ्यातले पक्षी आहेत. कासवाचं नाव नाही, कोणत्याच सरपटणाऱ्या प्राण्याचं नाही. सशाचा पिंजरा किती मोठा असावा हे सांगणारा नियम त्याच दुकानातल्या कासवाच्या टबापुढे गप्प होतो.

उरतो १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे कासव आलंच. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी कोंडणं कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. एका कासवाच्या नफ्यातून तो भरून उरतो. २०१४ मध्ये नागराजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांना भूक, भीती, वेदना, अस्वस्थता यांपासून आणि नैसर्गिक वागणूक करण्याचं स्वातंत्र्य असल्याचं मान्य केलं. निकाल जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींबद्दल होता, पण तत्त्व सर्व प्राण्यांना लागू आहे. न्यायालयाने एवढं म्हणून ठेवलं असताना दंड पन्नास रुपयांवर अडून राहावा, हे मला समजू शकत नाही.

काउंटरखालचा माल हा आणखी वेगळा विषय. "स्टार पाहिजे का?" असं हळू आवाजात विचारलं जातं. तारा कासव गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र-तामिळनाडूच्या कोरड्या माळांवरचं. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंदी आली, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. घरात सापडलं तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. तरी लोक घेतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की कासवाने लक्ष्मी येते. शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला आपण हात लावून पुढे जातो, तिथपर्यंत ठीक आहे. पण लक्ष्मीसाठी जिवंत जीव डब्यात घालणं, वीस नखांचं कासव किंवा मांडूळ शोधून गुप्तधनाच्या नादाला लागणं, याने आपल्या भागातली घरं बुडाली आहेत. माणसांचे पैसे जातात, तुरुंगवास होतो, आणि जनावर पोत्यात गुदमरून मरतं ते मरतंच.

इग्वाना आणि बॉल पायथन अजून खेड्यात फारसे पोचले नाहीत, पण मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ पोचले आहेत. हिरवा इग्वाना दीड मीटरपर्यंत वाढतो हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करणं बंधनकारक आहे. चंद्रपूरच्या एखाद्या पोराने हौसेने घेतलेल्या अजगराची नोंद नसेल, तर तोच कायद्याच्या कचाट्यात सापडेल. विकणारा तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

आमच्या सर्पमित्रांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हे लिहिणं अपुरं राहील. पकडलेला नाग बरणीत घालून चार दिवस घरी ठेवायचा, वाढदिवसाला, शाळेत, रीलमध्ये मिरवायचा, मग सोडायचा, हे आमच्यात चालतं. बरणीच्या झाकणाला चार भोकं पाडली की झालं, असं समजणारे आहेत. दुकानदाराच्या टबात आणि त्या बरणीत काही फरक नाही. साप पकडल्यावर वनविभागाला कळवायचं आणि लवकरात लवकर जवळच्याच योग्य जागी सोडायचा, एवढंच आपलं काम आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी स्वतःला मित्र म्हणवू नये.

आता आक्षेप. पहिला मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो: इथे शेतकरी गळफास घेतो आहे, कापसाला भाव नाही, आणि तुम्ही कासवाचं काय घेऊन बसलात? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात खरं दुःख असतं, म्हणून तो मी उडवून लावत नाही. पण कासवांची विक्री थांबवायला शेतकऱ्याच्या वाट्याचा एक रुपया लागत नाही. कर्जमाफीच्या रकमेतून काही कापलं जात नाही. एक अधिसूचना, एक ठराव, एक तपासणी लागते. ज्या व्यवस्थेला शेतकऱ्याचं ऐकू येत नाही तिला कासवाचं ऐकू येऊ नये, असा तर आपला आग्रह नाही ना? शिवाय बैलावर पोटच्या पोरासारखी माया करणारा शेतकरी हा प्रश्न मला क्वचितच विचारतो. विचारतात ते दुसरेच.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा. बारावी करून बेरोजगार बसलेला पोरगा, उसनवारीवर टाकलेलं दुकान. मोठ्या शहरातून येणाऱ्या मालात कासवं येतात, कशी सांभाळायची ते त्यालाही कुणी सांगत नाही. हे खरं आहे, आणि त्याचं पोट बुडावं अशी माझी इच्छा नाही. पण त्याची कमाई बहुतेक माशांच्या टाक्या, खाद्य, औषधं, कुत्र्यांचं सामान यांवर चालते. काउंटरवरून कासवांचा टब उचलला तर दुकान बंद पडत नाही. आणि ज्याला कासव विकायचंच आहे त्याने दुकानात मोठी टाकी, यूव्हीबी बल्ब, फिल्टर, इन्व्हर्टर लावून ते नीट ठेवून दाखवावं. तो खर्च परवडत नाही म्हणाल, तर तो घेणाऱ्यालाही परवडणार नाही हे उघड आहे. मग विकताना त्याला खरं सांगायला हवं होतं.

तिसरा आक्षेप पालकांचा: पोट्ट्यांना जीवांची आवड लागते. कासव मेलं की दुसरं आणून देणाऱ्या घरात पोराला नेमकी कशाची आवड लागते, याचा विचार करावा. आवड लावायची असेल तर भंडारा-गोंदियाकडचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. हिवाळ्याच्या सकाळी काठावर ऊन खात बसलेली पाणकासवं दिसतात. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारा, कोणत्या तलावात कुठे, ते सांगतील. त्याला तिकीट लागत नाही. आणखी एक गोष्ट आईवडिलांनी लक्षात घ्यावी. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो, आणि त्याने लहान मुलं गंभीर आजारी पडतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. जिथलं हे कासव मूळचं, तिथे पिल्लं विकता येत नाहीत. आपण मात्र त्यांची पेटी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुतो.

दया येऊन विकत घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, घेऊ नका. टबातलं सगळ्यात मरतुकडं कासव पैसे देऊन सोडवलं की दुकानदाराच्या वहीत एक विक्री लागते, आणि पुढच्या खेपेत त्याजागी दुसरं येतं. कंटाळा आला म्हणून तलावात किंवा नदीत सोडणारे तर दुप्पट नुकसान करतात. लाल कानाचं कासव जगातल्या सर्वांत घातक शंभर परकीय आक्रमक जातींच्या यादीत आहे. गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते सापडलं आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या शेकडो तलावांत ते वाढलं तर आपल्या पाणकासवांची शेकायची जागा आणि अन्न ते घेईल, सोबत स्वतःचे रोगही त्यांना देईल. एकदा तलावात पसरलं की पुन्हा बाहेर काढता येत नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. २०१८ च्या नियमांतल्या व्याख्येत सरपटणारे प्राणी घाला, आणि त्यांच्यासाठी टाकीचं माप, तापमान, प्रकाश, डॉक्टर यांच्या अटी लिहा. दंडाची रक्कम बदला. हे दिल्लीत व्हायला वेळ लागेल, पण तोवर हात बांधलेले नाहीत. असे बरेच गाळे नगरपंचायत, नगर परिषदेचे आहेत. भाडेकरारात एक अट घालता येते: या गाळ्यात कासव आणि इतर सरपटणारे प्राणी विकायचे नाहीत. ग्रामसभेला तसा ठराव करता येतो. जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे फोटोसह लेखी तक्रार देता येते, आणि ती दिल्याची पोच घ्यावी. तारा कासव, घोरपड, मांडूळ किंवा कोणताही देशी वन्यजीव विकताना दिसला तर वनविभागाचा १९२६ क्रमांक आहे, किंवा सरळ वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जा. आणि प्रत्येक जिल्ह्यात, नको झालेली लाल कानाची कासवं जमा करता येतील अशी एक जागा सरकारने ठरवावी. ते देशी वन्यजीव नाही म्हणून एक खातं हात झटकतं, आणि गुरंढोरं नाही म्हणून दुसरं.

ज्यांच्या घरी आधीच आहे, त्यांनी घाबरून टाकून देऊ नये. काचेची पेटी बाजूला करा. अंगणात सिमेंटचा हौद किंवा जुनं मोठं टाकं असेल तर त्यात पाणी भरा, अर्ध्या भागावर कायमची सावली करा, मध्ये पाण्याबाहेर येणारा सपाट दगड ठेवा, काठ उंच आणि वर जाळी, म्हणजे ते पळणार नाही आणि कुत्रं-मांजर येणार नाही. थेट ऊन सकाळचं द्या. मे महिन्यात दुपारभर सावली आणि खोल, गार पाणी. थंडीत रात्री आत आणा. गोळ्यांसोबत पालकापेक्षा शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, किसलेलं गाजर, अधूनमधून गांडुळं द्या. पाण्यात समुद्रफेणाचा तुकडा ठेवा, चुना मिळतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पोरांचेही. डोळे सुजले किंवा ते कलून तरंगू लागलं तर दुकानदाराला विचारू नका, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करा.